डोक्याला हात लावायचा नाही

शेजारच्या घरात काय चाललंय ते कळायला आमच्या कॉलनीत कान लावावे लागत नाहीत, दोरीवरचे कपडे बघितले की पुरतं. दसऱ्यानंतर मंदाताईंच्या दोरीवर काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. निखिल पुण्याहून आलेला, म्हणजे टी-शर्टांची रांग हवी होती. त्याऐवजी त्याच्या वडिलांचे जुने, पुढून बटणांचे शर्ट. उशीचे अभ्रे रोज धुतलेले, त्यातल्या एकावर फिकट गुलाबी डाग. घरात तान्हं मूल नाही, तरी न्हाणीघराच्या खिडकीत बेबी शाम्पूची बाटली. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "काहीतरी आहे." हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "असेल."

कोजागरीला तर कहरच झाला. सगळी कॉलनी गच्चीवर आटीव दूध पितेय आणि निखिल घरात. त्याची मावशी मालेगावहून आलेली, तिला म्हणे त्याने वाकून नमस्कारसुद्धा केला नाही. खुर्चीत मागे रेलून नुसते हात जोडले. "पुण्याच्या पगाराने शिंगं फुटली" ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या बंगल्यात पोचली. माझ्यामार्फत नव्हे, हे इथे नमूद करते.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा मंदाताई स्वतःच वाटणीच्या भिंतीशी आल्या. हातात चकलीच्या भाजणीचा डबा.

"बघा बरं वहिनी, धणे जास्त पडलेत का?"

मी चिमूटभर घेतली, वास घेतला, बरी आहे म्हटलं. मंदाताई हलल्या नाहीत. नुसती भाजणी दाखवायला कुणी इतकं घुटमळत नाही.

"कुणाला बोलू नका हं."

"मी कशाला बोलू?"

"निखिलने केस लावून घेतले."

"विग?"

"विग कसला! स्वतःचेच केस. मागचे काढून पुढे लावले. अडीच हजार."

"अडीच हजारांत? स्वस्तात झालं की."

"अहो रुपये नव्हेत, ग्राफ्ट! एकेका ग्राफ्टमध्ये कधी एक केस, कधी दोन-तीन. पैसे ग्राफ्टमागे मोजतात." किती ते त्यांनी सांगितलं नाही. डब्याचं झाकण दोनदा लावलं आणि काढलं, त्यावरून मी काय ते समजले.

मग सगळं बाहेर आलं. सकाळी नऊला त्याला पालथा झोपवला. डोकं बधिर करून मिलिमीटरभराहून बारीक तोंडाच्या सुईवजा यंत्राने मागचा एकेक केस मुळासकट सोडवला. जेवणानंतर उताणा केला आणि पुढे बारीक छिद्रं पाडून त्यात ते केस बसवले. पोरगा जागा होता, मोबाइलवर मालिका बघत होता. संध्याकाळी उठला तेव्हा मागे पट्टी, आणि पुढे नुसते लाल ठिपके.

"आणि डॉक्टर म्हणाले, आमचं काम झालं, आता तुमचं. मला वाटलं, त्याचं. पण आपल्याकडे 'तुमचं' म्हणजे आईचं!"

पहिले आठ दिवस निखिल आजोबांच्या आरामखुर्चीत झोपला. मानेखाली विमानात वापरतात तसली अर्धगोल उशी, डोकं उंचावर. आडवं झालं की सूज वाढते आणि कूस बदलली की डोकं उशीला घासतं. जागेपणी तासा-तासाला लावलेल्या केसांवर सलाइनचा फवारा, खपली कडक होऊ नये म्हणून. टी-शर्ट बंद, कारण तो डोक्यावरून काढावा लागतो. वडिलांच्या शर्टांचं कोडं इथे सुटलं.

"तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कपाळ सुजलेलं. चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर. मी तर देव पाण्यात घालून बसले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, भूल देताना डोक्यात पाणी टोचलेलं असतं, तेच खाली उतरतंय, आठवड्याभरात जाईल. बर्फ लावा, पण कपाळाला. लावलेल्या केसांच्या जवळपास नको. आणि वाकू देऊ नका."

"म्हणजे कोजागरीला..."

"चौथा दिवस! डोळे उघडत नव्हते त्याचे. त्यात ताई म्हणते, नमस्कार केला नाही. काय सांगू तिला, वाकायची बंदी आहे म्हणून?"

ही गोष्ट वेळीच भिंतीपलीकडे आली असती तर कोपऱ्यावरच्या बंगल्यात त्या पोराची नाहक बदनामी झाली नसती. लपवलेल्या गोष्टींनीच गप्पा वाढतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण मला खरी उत्सुकता होती ती न्हाण्याची. कारण मंदाताईंचा हात मला माहीत आहे. निखिल लहान असताना रविवारी त्याच्या डोक्याला शिकेकाई लागली की तो आरडाओरडा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

"पहिलं धुणं डॉक्टरांनीच केलं," त्या म्हणाल्या. "मला समोर उभं करून दाखवलं. नंतर रोज घरी. आधी सलाइन मारून खपल्या भिजू द्यायच्या. मग मगात कोमट पाणी घ्यायचं, त्यात थोडासा शाम्पू, हाताने फेटून फेस काढायचा. तो फेस नुसता उचलून डोक्यावर ठेवायचा. ठेवायचा हं, चोळायचा नाही! बोटांच्या पेरांनी अलगद टेकवायचं आणि उचलायचं. बोट टेकल्यावर इकडे-तिकडे सरकलं नाही पाहिजे. पाच मिनिटं थांबायचं आणि मग मगानेच, हात खाली धरून, हळूहळू पाणी सोडायचं. शॉवर अजिबात नाही, त्याचा मार लागतो."

"आणि मागे, जिथून काढले तिथे?"

"तिथे हलकं चोळलं तर चालतं. पण वहिनी, माझा हात वरून खाली येईपर्यंत विसरतो हो कुठे चोळायचं आणि कुठे नाही! शेवटी डाव्या हाताने पुढे आणि उजव्याने मागे असं ठरवलं. डावा हात आपोआप बिचकत चालतो."

ही युक्ती कुठल्या डॉक्टरच्या कागदावर नसेल. मला फार आवडली.

"पुसायचं कसं?"

"पुसायचंच नाही. मागे मऊ पंच्याने टिपायचं, पुढे वाऱ्यावर वाळू द्यायचं. ड्रायरची गरम हवा नको. आणि पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं. त्याचं डोकं अजून बधिर आहे. काही आठवडे, कधी काही महिनेही राहतं म्हणे. हे ऑक्टोबरचं ऊन, दुपारी टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्याला ते कळणारसुद्धा नाही! म्हणून मी सकाळीच उरकते."

इतका वेळ त्या शांतपणे बोलत होत्या. पुढचा प्रसंग सांगताना मात्र आवाज चढला. सहाव्या दिवशी निखिलची आजी देवदर्शनाहून आली. नातू खुर्चीत बसलेला, मलूल चेहऱ्याचा. म्हातारीला गहिवरून आलं. तिने आशीर्वादाला हात उचलला आणि मंदाताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "डोक्याला हात लावायचा नाही!" आजी तिथेच थिजल्या. सुनेने आपल्याला नातवाला हात लावू दिला नाही, हे त्यांनी आता तीन मुलींना फोन करून कळवलंय. कारण मात्र कुणालाच माहीत नाही, कारण कुणाला सांगायचं नाही.

"चूक तुमचीच," मी म्हटलं. "आजींना आधी सांगायचं होतं. आपल्याकडे माया करायची म्हणजे पहिला हात डोक्यावरच जातो."

तेवढ्यात निखिलच बाहेर आला. डोक्यावर सैल कापडी टोपी. मला बघून कावराबावरा झाला, मग आईचा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं.

"सांगितलंस?"

"काकू आपल्याच आहेत," मंदाताई म्हणाल्या.

मी म्हटलं, "काढ टोपी, बघू दे." त्याने काढली. पुढे नवी कपाळरेषा, त्यावर बारीक खुंट, खालची कातडी गुलाबी. खपल्या गेलेल्या.

"खपल्या दहाव्या दिवशी पडल्या," तो म्हणाला. "नखाने नाही हं काढल्या. सातव्या दिवसापासून धुताना पेरांनी हलकं गोल फिरवायला सांगितलं होतं, त्याने सुटत गेल्या. फार दिवस ठेवूनही चालत नाही त्या."

"आणि खपलीबरोबर केस आले," मंदाताई कळवळून म्हणाल्या. "टॉवेलवर काळे काळे! मी रडले हो. अडीच हजारांतले किती गेले असतील?"

"आई, केस गेला म्हणजे मूळ गेलं असं नाही. मूळ उपटलं तर रक्त येतं. आलं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, यावर प्रयोग झालाय. बर्नस्टाइन आणि रासमन नावाचे दोन अमेरिकन डॉक्टर आहेत. त्यांनी लावलेले केस रोज ओढून बघितले, कधीपर्यंत निघतात ते. २००६ मध्ये छापून आलं. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट बाहेर. घट्ट बसलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत तिच्याबरोबर ग्राफ्ट येतोच. मग प्रमाण कमी होत जातं आणि नवव्या दिवशी धोका संपतो."

ज्यांच्या डोक्यावर हा प्रयोग झाला त्यांचं मला वाईट वाटलं. पण इगतपुरीकडची आवणी बघितलेल्या बाईला हे पटकन कळतं. भाताचं रोप लावल्यावर कोणी उपटून बघत नाही, मूळ धरलं का म्हणून.

"मग तेल कधी?" मी विचारलं. माझ्या मनात पहिल्यापासून तेच होतं. "नरकचतुर्दशी आलीय. माक्याचं तेल आहे माझ्याकडे, घरी कढवलेलं. केसांच्या मुळाला..."

दोघंही एकदम "नको!" म्हणाले.

"हाच वाद चाललाय घरात," मंदाताई म्हणाल्या. "जन्मल्यापासून याला मी पहाटे तेल लावलंय. अभ्यंगाला टाळूवर तेल नाही म्हणजे काय? डॉक्टर म्हणतात, महिनाभर तेल नाही, उटणं नाही, शिकेकाई नाही, रंग नाही. तेल म्हटलं की चोळणं आलं, आणि ते काढायला पुन्हा घासणं आलं. मी विचारलं, नुसतं बोटभर? ते म्हणाले, तुमचं बोट मला माहीत आहे."

डॉक्टर हुशार आहेत. शेवटी आम्ही भिंतीशीच तोड काढली. अभ्यंग अंगाला, पायाला, तळव्यांना. उटणं मानेच्या खाली. डोक्यावर नेहमीचा फेस आणि मगाचं पाणी. भाऊबिजेला बहीण ओवाळेल तेव्हा अक्षता डोक्यावर टाकायच्या नाहीत, हातात द्यायच्या. कुंकू मात्र कपाळाला चालेल, तिथे केस लावलेले नाहीत. अजून तरी.

बाकीची बंदीची यादी निखिलने घडाघडा म्हटली. ऊन नको, जिम नको, पोहणं महिनाभर नको, सिगरेट नको (हे आईकडे न बघता). हेल्मेट तीन आठवडे नको, म्हणजे गाडीच नको. खाजलं तर खाजवायचं नाही, फवारा मारायचा. आणि दारांपासून जपायचं. कारमध्ये बसताना, कपाटाचं दार उघडं असताना, देवघराच्या ठेंगण्या चौकटीत डोकं आपटतं आणि रक्त आलं की त्या जागचे ग्राफ्ट गेले. रक्त दाबून धरूनही थांबेना, पू दिसला, लाली वाढत चालली किंवा ताप आला, तर घरगुती उपाय न करता सरळ डॉक्टरांना फोन.

आमचे हे इतका वेळ पेपरामागे होते. बाकी काही ऐकू येत नाही, पण डॉक्टर म्हटलं की येतं. तिथूनच म्हणाले, "डिग्री बघितलीस का रे त्याची? मुंबईत २०१९ ला एका व्यापाऱ्याचा जीव गेला. एका बैठकीत नऊ हजारांवर केस लावले होते म्हणे."

"बघितली काका. चर्मरोगातले एमडी आहेत. मी अडीच हजारांवर थांबलो ते त्यांनीच थांबवलं म्हणून."

"बरं केलंस. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लिहावं लागलं, की यूट्यूबवर बघून केस लावायला शिकता येत नाही. लिहावं लागलं, म्हणजे काय चाललं असेल बघ!" आणि पेपर पुन्हा वर.

मला एक गोष्ट मात्र कळत नव्हती. पुढचे केस गेले तसे हे लावलेलेही जाणारच की.

"नाही काकू. मागच्या केसांचा स्वभाव वेगळा असतो. ज्या हार्मोनमुळे पुढचे जातात त्याला ते दाद देत नाहीत आणि पुढे नेऊन लावले तरी तसेच राहतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टर ऑरेंट्राइखनी १९५९ मध्ये हे मांडलं. त्याआधी १९३९ मध्ये जपानच्या ओकुदांनीसुद्धा केस लावले होते, भाजलेल्या लोकांच्या डोक्यावर, भुवयांवर. पण लगेच महायुद्ध आलं, बाहेर कुणाला कळलंच नाही."

"म्हणजे आता निश्चिंत."

"तसं पण नाही. आता हे लावलेलेच गळणार."

मंदाताईंनी डोळे मिटून घेतले. हे त्यांनी आधी ऐकलेलं होतं, पण ऐकून पचत नव्हतं.

"दुसऱ्या आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंत बहुतेक सगळे गळतात," निखिल म्हणाला. "कधी आजूबाजूचे जुनेसुद्धा. मुळं आत झोपतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव येते, तेव्हा पुटकुळ्या पण येतात, त्या फोडायच्या नाहीत. सहा महिन्यांत जरा दिसायला लागतं. पूर्ण काय ते पुढच्या दिवाळीला."

"आणि मुलीकडचे येणार तुळशीच्या लग्नानंतर!" मंदाताईंचं खरं दुखणं हे होतं. "मी हिशेबच केला नाही हो. म्हटलं, दसऱ्यानंतर केलं की लगीनसराईपर्यंत केस येतील. आता ते बघायला येतील तेव्हा ऑपरेशनआधी होता त्याहून जास्त टकला दिसेल! मी त्यांना कळवलंय, मुलाचं मोठं प्रोजेक्ट चालू आहे, गुढीपाडव्यानंतर बघू."

खोटं म्हणता येणार नाही. प्रोजेक्टच आहे.

पण मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हटलं. उद्या सून येणार, ती काय डोक्यामागची खूण बघणार नाही? शिवाय औषधं आहेतच. लावलेले टिकले तरी मधले जुने केस आपल्या चालीने जातच राहतात, म्हणून त्याला मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू करायचंय. ते मुळात रक्तदाबाचं औषध. हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपर खाली घेतला, पण त्यांची गोळी वेगळी आहे असं निखिलने सांगितल्यावर पुन्हा वर. आणि दुसरी, फिनास्टेराइडची गोळी, वर्षानुवर्षं चालते. ती फुटलेली किंवा कुटलेली असेल तर गरोदर बाईने हातसुद्धा लावू नये, पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका असतो. निखिलनेच वाचून दाखवलं होतं त्या माहितीच्या कागदावरून. म्हटलं, "मंदाताई, ही गोष्ट तुमच्या सुनेला तुमच्या औषधांच्या डब्यातून कळायला हवी का? आजींचं काय झालं बघितलंत ना."

मंदाताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण सांगायचं कसं? पहिल्याच बोलण्यात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच ना? मी काय म्हटलं?"

निखिल टोपीशी चाळा करत उभा होता. म्हणाला, "आई, तिला माहितीये."

"कुणाला?"

"तिलाच. पत्रिका आल्यापासून आम्ही बोलतोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सांगितलं मी. फोटो पण पाठवले, पट्टीतला, सुजलेल्या डोळ्यांचा, सगळे. ती म्हणाली, हेल्मेट घालायला लागलास की गाडीवर भेटायला ये."

मी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली. असं क्वचित मिळतं.

"सुजलेल्या डोळ्यांचा?" मंदाताई म्हणाल्या. "अरे, तुझ्या मावशीच्या लग्नातला भांग पाडलेला इतका चांगला फोटो होता, तो तरी आधी पाठवायचास!"